सूर्यघरातली सुकेळी

प्लास्टिकच्या छपराखाली तापलेल्या ओल्या मातीचा वास आला की मला आजही मळमळतं. मध्यंतरी एका नातेवाइकांनी मोठ्या हौसेने त्यांचं नवं हरितगृह दाखवायला नेलं. आत रंगीत मिरच्या लोंबत होत्या, पंखे फिरत होते, सगळं कसं स्वच्छ होतं. मी दारातूनच मागे फिरले आणि कुंपणाशी जाऊन ओकले. त्यांना वाटलं, प्रवासाने झालं असेल. मीही तसंच म्हणाले. वेळेवर बरं दिसेल असं खोटं मला पटकन सुचतं, आणि त्याची पहिली सवय मला असल्याच एका घरात लागली.

ऐंशी सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. आमची वाडी आगाशीहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत होती. केळी, पानवेली, मोगरा आणि चार भाज्या. सगळी जमीन थोरल्या काकांच्या नावावर. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ आणि आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. वडील मुंबईत एका कचेरीत कारकून होते. सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे, आणि घरातल्या कोणत्याही प्रश्नावर "दादा बघतील" एवढंच बोलून हातपाय धुवायला जायचे. त्यांचा मला तेव्हा राग यायचा. आता राग येत नाही, कारण पुढे मी त्यांच्याही वरचढ निघाले.

विहिरीच्या मागे राजेळी केळीच्या दोन ओळी होत्या. त्या आईच्या. कागदावर नव्हेत, पण सगळे तसंच म्हणायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिने माहेराहून त्यांचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, आणले होते, स्वतःच्या हाताने लावले होते, आणि तिथलं पाणी ती दुसऱ्या कुणाला वळवू देत नसे. त्या घरात तिच्या मताने चालणारी तेवढीच एक गोष्ट होती. भाजी कोणती करायची हेसुद्धा काका ठरवायचे.

राजेळी लांब, जाड सालीची. तिची आई सुकेळी करायची. पावसाळा पुरता सरला, हवा कोरडी झाली की घड पेंढ्यात पिकत घालायचे, साल काढून अख्खी केळी बांबूच्या माचीवर उन्हात मांडायची, दिवसातून दोनदा उलटायची, संध्याकाळी केळीच्याच वाळल्या पानांत गुंडाळून आत घ्यायची. आठवडाभरात ती मधासारख्या रंगाची होत. मग केळीच्या सोपटाच्या दोरीने त्यांचे पुडे बांधायचे. आईची गाठ वेगळी होती, दोरीचं एक टोक आत खोचलेलं, ओढलं तरी न सुटणारं. पुडा बांधून होईपर्यंत ती "यंदा चांगली झाली" असं म्हणायची नाही. आम्हालाही म्हणू द्यायची नाही.

त्यातला एक पुडा ठरलेला असायचा. अर्नाळ्याहून एक कोळीण मावशी आमच्याकडे सुकी मासळी घेऊन यायची. वर्षातून एकदा तिची सुक्या बोंबलांची जुडी आणि आईचा सुकेळ्यांचा पुडा यांची अदलाबदल व्हायची. सुकेळ्यांना वास लागू नये म्हणून आई तिची टोपली पेरूच्या झाडाखाली ठेवायला लावायची, आणि मावशी दरवर्षी तेच बोलायची, "तुज्या केल्यांना माज्या बोंबलांचा वास नको, मग बोंबील कशाला खाते गो?" दोघी हसायच्या. आई मोकळी हसलेली मी फारशी पाहिली नाही. त्या पेरूखाली पाहिली.

बाकीचे पुडे वाटले जायचे. शेवटचे चार मात्र ती पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवायची. पावसाळाभर ते तिथे असायचे. भाऊबीजेला ती ते घेऊन माहेरी जायची. तिच्या भावाला ती दुसरं काही देऊ शकत नव्हती, आणि मामाही दुसऱ्या कशाची वाट बघत नव्हता.

काकांना पहिलं असण्याचा हव्यास होता. आळीतला पहिला पंप त्यांचा, पहिला गोबर गॅस त्यांचा. गोबर गॅसच्या उद्घाटनाला त्यांनी हार घालून फोटो काढून घेतला होता आणि तो ओटीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावला होता. खड्ड्यात रोज शेण कालवायचं काम मात्र आईकडे आणि माझ्याकडे. कोपरापर्यंत हात घालून शेणातल्या गुठळ्या फोडायच्या. त्या फोटोत आम्ही दोघी नाही हे सांगायला नको.

एका उन्हाळ्यात सरकारी योजनेचे एक साहेब आले. तरुण होते, चष्मा लावायचे, आणि आमच्याकडे येणाऱ्या इतर साहेबांसारखे आधी खुर्ची शोधत नव्हते. त्यांना प्रयोगासाठी वाडी हवी होती. बांबूचा सांगाडा, वर प्लास्टिक, आत भाजी, आणि नाव सूर्यघर. ऊन आत शिरतं आणि कोंडून राहतं. पावसाळी दिवसांत ऊन नसतं तेव्हा गोबर गॅसची शेगडी आत जाळायची. त्याने ऊब मिळते आणि वर ज्योतीतून निघणारा कर्बवायू झाडांची पानं शोषून घेतात, त्याचंच अन्न करतात. म्हणजे शेण आमचं, सूर्य फुकट, आणि धूर वाया न जाता त्याची मिरची होणार. साहेबांनी हे इतकं छान समजावलं की मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. मी तेव्हा अकरावीला होते, शास्त्र शाखेला. आमच्या पुस्तकातला एक धडा उठून आमच्या वाडीत आला होता.

वसईतल्या जून महिन्यात कोणाला ऊब हवी असते, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही. साहेबांना तो पडला होता. ते म्हणालेही, "इथे याची गरज आहे की नाही, तेच बघायचंय."

काकांनी एवढंच ऐकलं की हे तालुक्यात पहिलं. आणि मग त्यांनी आपल्या डोक्याची भर घातली. साहेबांच्या योजनेत फक्त ढोबळी मिरची होती. काका म्हणाले, "मिरची खाली. वर फळ्या मारू. फळ्यांवर सुकेळी. पावसात सुकेळी! आहे कुणाकडे?"

साहेबांनी "बघा करून" म्हटलं. सुकेळं म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं.

आई ताक घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "भावजी, सुकेळ्यांना वारा लागतो."

"वाऱ्यात धूळ असते," काका म्हणाले.

सांगाड्याला भरपूर ऊन लागेल अशी मोकळी जागा हवी होती. तशी जागा वाडीत एकच होती, विहिरीच्या मागे. चैत्रात राजेळीची एक ओळ तोडली. आई त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. संध्याकाळी मात्र ती ओटीवर आली आणि सगळ्यांच्या देखत काकांसमोर उभी राहिली. मी तिला असं उभं राहिलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

"दुसरी ओळ राहील ना?"

काकांनी सुपारी कातरता कातरता न्याय दिला. पावसाळाभर प्रयोग करायचा. भाद्रपदात साहेब पाहणीला येतील. सुकेळी नाही झाली, तर प्लास्टिक उतरवायचं आणि तिथे परत राजेळी लावायची. झाली, तर दुसरी ओळही काढायची आणि दुसरं सूर्यघर बांधायचं. "साहेब काय तो निकाल देतील. मी मध्ये पडणार नाय."

"चालेल," आई म्हणाली. तिला ते खरंच चालणार होतं. सुकेळी होणार नाहीत हे तिला ठाऊक होतं.

नोंदवही माझ्याकडे आली. साहेबांनी मला एक थर्मामीटर आणि निळ्या पुठ्ठ्याची वही दिली. सकाळ-दुपार आतली उष्णता लिहायची, झाडांचं, फळ्यांवरच्या मालाचं जे दिसेल ते लिहायचं. ते म्हणाले, "फसलं तर फसलं असं लिही. आम्हाला तेही कळायला हवं. छान दिसावं म्हणून काही लिहू नकोस." हे त्यांनी मला उभं करून, नीट डोळ्यांत बघून सांगितलं. त्यामुळे मला कुणी सांगितलंच नव्हतं, असंही मला म्हणता येत नाही.

मी फुगले. वर्गात सांगत सुटले की आमच्याकडे झाडं धूर खातात. एकदा पानाच्या चुन्याची निवळी वाटीत घेऊन सूर्यघरात पेटत्या शेगडीजवळ ठेवली. थोड्या वेळात ती दुधासारखी पांढरी झाली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे कर्बवायू! काकांनी आळी गोळा केली. वाटी हातोहात फिरली. एका आजोबांनी तीर्थ समजून त्यात बोट बुडवलं. मी मधोमध उभी राहून वायूचं नाव पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि काका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "आमच्या घरातली शास्त्रज्ञ."

पाऊस सुरू झाला आणि सूर्यघराने आपलं खरं रूप दाखवलं.

दार उघडलं की गरम ओल तोंडावर बसायची. शेगडी फुरफुरत असायची आणि तिच्या जोडीला गॅसचा तो सडक्या अंड्याचा वास, कारण रबराची नळी सांध्यात गळत होती. डोळे झोंबायचे, डोकं चढायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकायचं, मानेवर, वहीवर. मिरचीची झाडं मात्र पहिले पंधरा दिवस अशी वाढली की काकांना जमिनीवर चालवेना.

मग फळ्यांवर पहिली केळी मांडली. सोलायला आई बसली होती. तिने कामात कुचराई केली नाही. साल काढली, एकेक केळं अंतर राखून मांडलं, हात धुतले आणि मला म्हणाली, "आता तू लिहीत जा. रोज."

दुसऱ्या दिवशी केळ्यांना घाम फुटला. झाडं जो ओलावा सोडत होती तो वर जाऊन केळ्यांवर बसत होता. तिसऱ्या दिवशी ती बुळबुळीत झाली. चौथ्या दिवशी पांढरी लव आली. पाचव्या दिवशी उलटायला एक उचललं तर ते मधून तुटलं आणि आत वळवळ होती. मी किंचाळले. फळ्यांमधून तो चिकट रस खालच्या मिरच्यांवर गळत होता. त्यावर मुंग्या, मुंग्यांच्या मागे चिलटं, आणि पानांवर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी. कुठे पाय ठेवला तरी चिकटत होता. एवढी घाण आपण शेगडी पेटवून, गॅस वाया घालवून, मुद्दाम तयार करतोय हे बघून मला किळस आली. मी तोंडाला ओढणी लावून सगळं लिहिलं. लव, वळवळ, रस, सगळं. एक शब्द खोटा नव्हता.

"लिहिलंस?" आईने विचारलं.

"लिहिलं."

तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. ती असं करायची नाही.

काकांनी दुसऱ्यांदा मांडली. तीही तशीच गेली. तिसऱ्यांदा शेगडी मोठी केली, दाराच्या फटीत कापड कोंबलं. ती केळी आधी उकडल्यासारखी झाली आणि मग सडली.

तिसऱ्या खेपेलाच कोळीण मावशी आली. पावसात मासळीवाल्या बायकांचं काम थंड, सहज चौकशीला आली होती. काकांनी तिला मोठ्या ऐटीत सूर्यघर दाखवायला नेलं. कौतुक करायला कुणीही चालायचं त्यांना. ती दारातच थांबली. मासळीत जन्म गेलेल्या त्या बाईने नाकाला पदर लावला.

"ह्या घरान वारा कुटं हाय?" ती म्हणाली. "ऊन नाय सुकवीत बाबा, वारा सुकवते. आमी वलांडीवर बोंबील टांगतो ते काय शोभेला? खाली हिरवी झाडं पानी सोडतान, वर केली पानी पितान. तुमी काय सुकवता का उबवता?"

काकांनी सूर्यघराचं दार ओढून घेतलं. आई माझ्या मागे उभी होती. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, पण विहिरीकडे जाताना ती उरलेल्या राजेळीपाशी थांबली आणि एका घडाचं केळफूल मोडून आणलं. रात्री भाजी झाली. काकांना न विचारता.

इथवर सगळं ठीक होतं. वाईट झालेलं नव्हतं, फक्त घाण झालेली होती.

काकांनी सडलेली केळी टोपल्या भरभरून गोबर गॅसच्या खड्ड्यात ओतायला लावली. "त्याचाही गॅस होईल." झालं उलटंच. खड्डा आंबला, वर आंबट फेस आला आणि गॅस येणंच बंद झालं. आठ दिवसांवर पाहणी. सूर्याचा पत्ता नाही, शेणाचा गॅस नाही. मग काकांनी सूर्यघरात रॉकेलचे दोन स्टोव्ह आणून ठेवले. सूर्याचं घर, रेशनच्या रॉकेलवर! मला हसू आलं. मी ते वहीत लिहिलंसुद्धा.

पाहणीच्या आदल्या दुपारी काकांनी मला ओटीवर बोलावलं. वही मागितली. पानं उलटत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मऊ आवाजात बोलले.

"हे साहेब ठाण्याला नेणार. तिथे प्रदर्शन आहे. वही टेबलावर ठेवणार, वर लिहिणार, कुठली, कोणाची मुलगी. मोठमोठे लोक बघणार. आणि बघणार काय, तर किडे?"

त्यांनी किड्यांचं पान माझ्यापुढे धरलं.

"तुझ्या वर्गातल्या पोरी काय म्हणतील?"

काका माणूस म्हणून कसे होते ते असो, पण नस कुठली दाबायची हे त्यांना कळायचं. वर्गात मी महिनाभर त्या कर्बवायूवर मिरवत होते. आता तिथे जाऊन केळी सडली म्हणून सांगायचं? प्रदर्शनाच्या टेबलावर ती वही आणि तिच्यावर माझं नाव, हे चित्र मला दिसायला लागलं होतं. त्या चित्रात आईची राजेळी कुठेच नव्हती. विसरले होते असं नाही. मला आठवत होतं, आणि तरीही मी हो म्हणाले.

त्यांनी नवी वही आणलेली होती. तसाच निळा पुठ्ठा. म्हणजे मी हो म्हणेन हे त्यांनी आधीच धरलं होतं, याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते. मी दुपारभर बसून ती लिहिली. पहिला दिवस, दुसरा दिवस, रंग सोनेरी, कडा आकसल्या, चिकटपणा नाही. मनाने लिहायची गरजच नव्हती. आईची सुकेळी कशी वाळतात ते मी लहानपणापासून बघत होते, तेच लिहीत गेले. वेगवेगळ्या दिवसांची वाटावी म्हणून मध्येच शाई बदलली. ही युक्ती मात्र कुणी सांगितली नव्हती. ती माझी.

"आणि माळ्यावरचा डबा काढून आण," काका म्हणाले.

आई विहिरीवर कपडे धूत होती. कपडे आपटल्याचा आवाज येत होता. तो आवाज चालू आहे तोवर आई येणार नाही, असा हिशेब करत मी शिडी चढले. चारही पुडे काढले, डबा रिकामाच परत जागेवर ठेवला, झाकण लावलं. जुनी वही काकांनी चुलीत घातली. मी तिथेच उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या धुऊन, काळी पडलेली झाडं उपटून, वर सुकेळी मांडली होती. पुड्यांची वाळलेली पानं आणि दोऱ्या खाली कोपऱ्यात सरकवल्या होत्या. स्टोव्ह साहेब यायच्या आधी बाहेर काढले. आतमध्ये रॉकेलचा वास राहिला होता, म्हणून काकांनी उदबत्ती लावली. एखाद्या देवळात शिरावं तसे सगळे चपला काढून आत शिरले.

साहेबांचा चष्मा वाफेने धुरकटला. तो पुसून त्यांनी फळ्यांकडे पाहिलं, एक सुकेळं उचललं, वासावरून काही कळतंय का पाहिलं, आणि तोंडात घातलं. त्यांचा चेहरा बदलला. "वा," म्हणाले. मग काही वेळ चावतच राहिले. माणूस प्रामाणिक होता. लगेच त्यांनी विचारलं, "या दमट हवेत हे झालं? मला खरं वाटत नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात आई पाण्याचे पेले घेऊन दाराशी आली. तिने फळ्या पाहिल्या. मग तिची नजर खाली कोपऱ्यात गेली. सोपटाच्या दोरीची गाठ तशीच होती. काकांनी ती सोडवली नव्हती, सुटेना म्हणून विळ्याने कापली होती.

"तू सांग," साहेब मला म्हणाले. "तू रोज बघत होतीस. इथेच वाळली ही?"

आई माझ्याकडे बघत होती. ती डोळ्यांनी काही सांगत नव्हती, विनवतही नव्हती. मी खरंच बोलेन असं तिने धरलं होतं. तिने रोज विचारलं होतं, मी रोज लिहिलं म्हणाले होते.

"हो सर," मी म्हणाले. "इथेच. सहा दिवस लागले."

पेले हातातले पडले वगैरे काही झालं नाही. आईने सगळ्यांना पाणी दिलं. साहेबांना, काकांना, मला. साहेबांनी वही चाळली, मान डोलावली, आणि बक्षीस द्यावं तसं फळीवरचं एक सुकेळं माझ्या हातावर ठेवलं. "तुझ्या मेहनतीचं," म्हणाले. सगळे बघत होते. मी खाल्लं. घशाखाली उतरणार नाही असं मला वाटलं होतं. उतरलं. इतकं गोड होतं की मी बोटंसुद्धा चाटली. सगळ्या घाणीत मला सर्वांत ओंगळ वाटते ती ही गोष्ट. किडे, लव, आंबलेला खड्डा हे सगळं त्यापुढे काहीच नाही.

दुसरी ओळ चार दिवसांनी तोडली. केळीचं खोड मऊ असतं, कोयत्याच्या एका घावात जातं, फारसा आवाजही होत नाही. मुनवे तरी काढून ठेवू द्या, असं आई म्हणेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली नाही. काकांनी तेही खणून काढायला लावले, पाया घालायचा म्हणून. वडिलांना संध्याकाळी कळलं. ते "दादांनी बघितलं असेल" म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दुसरं सूर्यघर कधी उभं राहिलं नाही. योजना त्याच वर्षी गुंडाळली, म्हणे बाकी कुठल्याच ठिकाणी माल असा वाळला नव्हता. पहिल्याचं प्लास्टिक पुढच्या पावसाळ्यापर्यंत फाटून लोंबत राहिलं. ती जागा तशीच पडून होती, नंतर विकली, आता तिथे इमारतीची पाण्याची टाकी आहे. वही मात्र प्रदर्शनात गेली. मी बघायला गेले होते, ती माझ्या नावासकट टेबलावर होती. कुणी तिला हात लावत नव्हतं.

दिवाळीच्या आधी साहेबांनी ती पोस्टाने परत पाठवली. भाऊबीजेला आई माहेरी निघाली होती, हातात आगाशीच्या दुकानातली मिठाईची पेटी. निघता निघता ती माझ्याजवळ आली.

"वही आली ना? दाखव."

आई चौथीपर्यंत शिकलेली होती. ती उंबऱ्यात उभी राहून बोट ठेवत ठेवत वाचू लागली. पहिला दिवस. दुसरा दिवस. रंग सोनेरी. कडा आकसल्या. तिचीच सुकेळी, तिच्याच माचीवरची, पान न् पान बरोबर लिहिलेली. शाई जिथे बदलली होती तिथे तिचं बोट थांबलं आणि पुढे गेलं. ती शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिली. मी वाट बघत होते की ती रडेल, मारेल, निदान का म्हणून विचारेल.

तिने वही मिटली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अक्षर छान आहे गं तुझं."

मग चपला घालून ती निघून गेली.

पुढे सगळा जन्म मी कचेरीत नोंदी लिहिण्यात घालवला. माझ्या अक्षराचं आजही कुणी कौतुक केलं की मला ओकारी येते.